टिपबर्न आणि पंखा

घरात दिव्याखाली, मातीऐवजी पाण्यात लेट्यूस (सॅलडची पानं) वाढवण्याबद्दल वरच्या पोस्टमध्ये दोन सल्ले आहेत. आइसबर्ग या गड्डा धरणाऱ्या वाणाचा नाद सोडा, हा पहिला अगदी मान्य. घरातल्या दिव्याखाली त्याचा गड्डा काही नीट धरत नाही. पण आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या (हाच टिपबर्न) की कॅल्शियम वाढवा, हा दुसरा नाही पटला. मीही आधी तेच केलं, ईसी (पाण्यात विरघळलेल्या खतांचं माप) तेवढा चढला. पाण्यात कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं, पण ते बाष्पोत्सर्जनाच्या (पानांतून पाणी उडून जाण्याच्या) ओढीनं वर चढतं आणि मिटलेल्या गाभ्याला वाराच लागत नाही. बटरहेड या मऊ गड्ड्याच्या वाणावर छोटा यूएसबी पंखा सोडला, दिवे सोळावरून बारा तासांवर आणले. पुढच्या खेपेला पानं स्वच्छ. पंखाही नको असेल तर सरळ ओकलीफ किंवा लोलो रोसो हे सुट्या पानांचे वाण लावा, गाभा उघडा राहतो. (लोलो रोसो कमी उजेडात लाल व्हायचं नाव घेत नाही, हिरवट राहिलं तर विक्रेत्याशी भांडू नका.)

अजून एक: एप्रिल-मेमध्ये बी रुजत नाही म्हणून वाण बदलू नका. तिशीच्या आसपास तापमान गेलं की लेट्यूसचं बी झोपून राहतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग स्पंजात लावा.