श्वासावर लक्ष ठेवलं की घालमेल वाढते: बसत राहायचं की थांबायचं?

संथवाहिनी:
नवशिक्यांचे ध्यानवर्ग घेताना हमखास समोर येणारा प्रश्न जाणकारांपुढे ठेवते. 20 मिनिटांची बैठक, डोळे मिटलेले, आलंबन, म्हणजे लक्ष टेकवायची गोष्ट, श्वासाची. बहुतेकांना जमतं. पण एखाददुसरी व्यक्ती सांगते, की श्वासाकडे बघायला लागलं की तो आपोआप चालेनासाच होतो. छातीत धडधडतं, घसा आवळल्यासारखा होतो आणि उठल्यावरही बराच वेळ घालमेल राहते. अशा वेळी ठरलेलं उत्तर दिलं जातं: ‘बसत राहा, आत साठलेलं बाहेर पडतंय.’ हे कितपत बरोबर आहे? आणि कुठल्या खुणा दिसल्या की थांबायलाच सांगायचं?

कवडसा:
ते वाक्य आधी वर्गातून हद्दपार करा. त्याने माणूस त्रास लपवायला शिकतो आणि थांबलो तर आपण कमी पडलो असं समजून रेटत बसतो.

तुम्ही सांगितलेल्या त्रासामागे पुष्कळदा साधं शारीरिक कारण असतं. श्वास आपला आपण चालतो. त्याच्यावर पहारा बसवला की नकळत आपणच तो चालवायला लागतो, आणि हवा गरजेपेक्षा जास्त आत-बाहेर होते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत धडधड सुरू होते. पूर्वी पॅनिक अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ही लक्षणं ओळखीची असतात. तो घाबरतो, श्वास आणखी वाढतो. त्यात शिकवणाऱ्याने ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की आगीत तेल.

बैठक चालू असताना गळ्याखालच्या हाडांकडे बघा. त्यांचं वर-खाली होणं लांबूनही दिसत असेल, किंवा दर तीन-चार श्वासांनी उसासा येत असेल, तर तो माणूस श्वास बघत नाहीये, ओढतोय.

अशा व्यक्तीचं आलंबन बदला. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श, मांडीवर ठेवलेल्या तळहातांची ऊब किंवा खोलीतले आवाज, यातलं जे तिला सोपं वाटेल ते. डोळे अर्धे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीवर. वेळ 20 मिनिटांवरून 5 मिनिटांवर आणा, हवं तर दिवसातून दोनदा. तेही सोसत नसेल तर चालत ध्यान: दहा-बारा पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. श्वासाकडे परत आलंच पाहिजे असं काही नाही.

शिथिल व्हायला गेलं की उलट चिंताच वाढते, हा प्रकार मानसशास्त्रात 1980च्या दशकापासून नोंदलेला आहे. तुमच्या वर्गात काही तरी विचित्र घडतंय असं समजू नका.

उंबरठा:
कवडसा यांच्याशी सहमत. थांबवण्याच्या खुणा लिहितो.

सर्वांत आधी झोप. झोप एकदम कमी झाली आणि तरीही माणूस थकलेला नाही, उलट उत्साहाने भरलेला, भरभर बोलणारा, आपल्याला काही विशेष उमगलंय असं सांगणारा दिसला, तर ती प्रगती समजू नका. बायपोलर विकार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असलेल्यांत जागरणाने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. ध्यान बंद करायचं आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाशी बोलायचं. आवाज ऐकू येणं, सगळे आपल्याकडे रोखून बघताहेत असं वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, यांनाही हेच लागू. इजेचे विचार असतील तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका.

दुसरी खूण चटकन लक्षात येत नाही. आपण काचेमागून जग बघतोय, हात आपलेच आहेत पण आपले वाटत नाहीत. हे बैठकीत क्षणभर झालं तर एक वेळ ठीक. स्वयंपाक करताना, रस्ता ओलांडताना, माणसांत बसलेलं असतानाही ते राहिलं तर ध्यान थांबवा. ‘अहं गळून पडतोय’ म्हणून कुणी कौतुक करत असेल तर तेही थांबवा.

आणि हे फक्त नवख्यांचं दुखणं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने 2017मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास झालेल्यांत अनुभवी साधक होते, स्वतः शिकवणारेही होते. 2020मध्ये 83 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात अनिष्ट परिणामांचं प्रमाण सुमारे 8 टक्के निघालं. चिंता आणि नैराश्य सर्वांत जास्त. मात्र या क्षेत्रातल्या पुष्कळ प्रयोगांत ‘त्रास झाला का’ हे नेमकं विचारलेलंच नसतं, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नये.

पायवाट:
थोडा वेगळा सूर लावतो. कंटाळा, झोप येणं, गुडघा दुखणं, विचारांचा गोंगाट, जुनी आठवण येऊन डोळे भरणं, हे सगळं ध्यानात होतंच. प्रत्येक अस्वस्थतेला धोका म्हटलं तर कुणी बसणारच नाही. माझ्या मते उठल्यानंतर काय होतं ते बघावं. पाच-दहा मिनिटांत ओसरलं आणि दिवसाची कामं नीट झाली, तर चालू ठेवायला हरकत नाही. उरलेला दिवस नासवत असेल, किंवा दर बैठकीला आधीपेक्षा वाढत असेल, तर मात्र सहन करण्यात काही पुण्य नाही.

आलंबन बदलणं ही आजकालची सवलत आहे असंही कुणी समजू नये. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या वेसाली सुत्तात अशुभ भावना, म्हणजे देहाच्या किळसवाण्या बाजूचं ध्यान, करणाऱ्या काही भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली की त्यांनी जीव दिला. तेव्हा बुद्धांनी उरलेल्या संघाला आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवलं. म्हणजे तिथे श्वास हाच उतारा होता आणि इथे तोच काहींना बाधतोय. अठराव्या शतकातले जपानी झेन गुरू हाकुइन यांनी ‘झेन-आजारा’चं वर्णन केलंय: पाय बर्फासारखे गार, कानांत ओढ्यासारखा आवाज. त्यावरचा त्यांचा उपायही मोठा गोड आहे. डोक्यावर मऊ लोण्याचा गोळा ठेवलाय आणि तो वितळत खांद्यांवरून, पोटावरून पायांपर्यंत ओघळतोय अशी कल्पना करायची. एकूण काय, लक्ष कपाळात तुंबलं असेल तर ते खाली उतरवायचं.

संथवाहिनी:
फार उपयोगी. दोन गोष्टी विचारते. नाव नोंदवताना काय विचारावं? आणि वर्गातले काही जण लगेच दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचं म्हणतात, त्यांना काय सांगावं?

उंबरठा:
लेखी आणि खासगीत विचारा, गटासमोर कधीच नको. पूर्वी पॅनिक अटॅक, मनोविकारासाठी उपचार, भ्रम किंवा उन्माद, आत्महत्येचे विचार, मोठा आघात यांपैकी काही? सध्या झोप किती तास? कुठली औषधं चालू आहेत? आघाताचा तपशील मागू नका, ‘हो’ पुरेसं आहे. असं उत्तर आल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात. ध्यान सुरू केलं म्हणून कुणीही गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे तोंडी पुन्हा सांगा. आघात होऊन गेलेल्यांना बॉडी स्कॅनमध्ये (शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेताना) शरीराचा एखादा भाग सोडून पुढे जायची, डोळे उघडायची, न विचारता बाहेर जायची मुभा पहिल्याच दिवशी द्या. त्यांची जागा दाराजवळ ठेवा.

कवडसा:
शिबिराचं गणित मांडून दाखवा. जॉन कबात-झिन यांनी 1979मध्ये सुरू केलेल्या 8 आठवड्यांच्या माइंडफुलनेस ध्यानाच्या अभ्यासक्रमात घरी रोज 45 मिनिटं बसायचं असतं, म्हणजे दोन महिन्यांत साधारण 42 तास. मौन शिबिरात रोज 10 तास धरले तर दहा दिवसांत 100. शिवाय बोलायला कुणी नाही, ओळखीचं माणूस नाही, झोप कमी. चुकलं तर कळायला आणि सावरायला वेळच मिळत नाही. आधी काही महिने रोजची छोटी बैठक, मग एक दिवस, मग दोन-तीन दिवस, असं चढत जा म्हणावं. आणि जाण्यापूर्वी आयोजकांना तीन प्रश्न विचारायला लावा: रात्री त्रास झाला तर कुणाला उठवायचं, मधूनच निघू देतात का, जवळ डॉक्टर आहे का. उत्तरं गुळमुळीत आली तर नाव नोंदवू नये.