शॉर्टफिल्मसाठी लोकवर्गणी : २ लाख ६० हजारांचं गणित तपासून हवं आहे

कोरी_पाटी

१४ मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म आहे. पटकथा पक्की, लोकेशन राजापूर तालुक्यातलं एक गाव, शूट ३ दिवसांचं, युनिट २२ जणांचं. दोन मुख्य पात्रं आणि एक शेळी. निर्माता नाही, त्यामुळे पैसे लोकांकडूनच उभे करायचे आहेत.

बजेट : कॅमेरा-लेन्स-लाइट भाडं ७५,०००, सिंक साउंड (शूट करतानाच आवाज घेणं) ३०,०००, जेवणखाण २३,०००, प्रवास-मुक्काम ४२,०००, आर्ट आणि कपडेपट २०,०००, कलाकारांचं मानधन ३०,०००, एडिट, डीआय (रंगांचं काम) आणि साउंड मिक्स मिळून ४०,०००. एकूण २,६०,०००.

लोकवर्गणीच्या एखाद्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जावं की सरळ स्वतःचा क्यूआर कोड फिरवावा? या पैशांवर कर लागतो का? दोघेजण ‘नफ्यात वाटा देत असाल तर ५०-५० हजार घालतो’ म्हणतायत, त्यांचं काय करू? शिवाय अमेरिकेतले काही नातेवाईक द्यायला तयार आहेत.

हिशेबनीस

आधी बजेटच दुरुस्त करा. शूटचे आकडे ठीक वाटतात (२२ माणसं, ३ दिवस, माणशी रोज ३५० म्हणजे जेवणाचे २३,१०० बरोबर येतात), पण शूटनंतरचं निम्मं यादीत नाही. फुटेजच्या दोन प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क लागतील, १२,००० धरा. सबटायटल आणि डीसीपीचे (थिएटरात दाखवायच्या डिजिटल प्रतीचे) १२,०००. फेस्टिव्हलच्या प्रवेश फिया २०,०००, आणि आकस्मिक खर्चाला १० टक्के, म्हणजे २६,०००. झाले ३,३०,०००. कोकणात शूट करताना आकस्मिक खर्च कापून आकडा छान दिसेलही, पण एक दिवस पावसाने गेला की कॅमेऱ्याचं भाडं आणि २२ जणांचा मुक्काम त्या दिवशीही चालूच राहतो.

आता मागायचे किती? हातात ३,३०,००० हवेत म्हणजे तेवढेच मागायचे असं नाही. प्लॅटफॉर्मचं कमिशन १० टक्के धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८०. पेमेंट गेटवे २ टक्के अधिक जीएसटी, म्हणजे २.३६. रिवॉर्ड, म्हणजे देणाऱ्यांना बदल्यात द्यायच्या वस्तू, छापणं आणि पाठवणं ८ टक्के. शंभरातले २२.१६ गेले, उरले ७७.८४. म्हणजे सुमारे ४,२४,००० जमवावे लागतात. स्वतःच्या क्यूआरवर यूपीआयने घेतले तर फक्त रिवॉर्डचे ८ टक्के जातात आणि ३,५९,००० पुरतात. फरक ६५ हजारांचा आहे. प्लॅटफॉर्म त्या बदल्यात नेमकं काय देणार, हे कमिशनचा दर पाहून नाही तर त्यांच्याकडच्या चालू मोहिमा बघून ठरवा. केटो, मिलाप वगैरे भारतीय साइटवर येणारा माणूस बहुतेक उपचारांसाठी मदत करायला आलेला असतो; हृदयाच्या ऑपरेशनशेजारी शॉर्टफिल्म मागे पडते. किकस्टार्टर (अमेरिकी साइट) ५ टक्के घेतो आणि तिथे सिनेमाला गिऱ्हाईकही आहे, पण भारतातल्या माणसाला तिथे स्वतःच्या नावाने प्रोजेक्ट टाकता येत नाही.

माझं मत : दोन टप्पे करा. पहिल्यात फक्त शूट. तुमच्या यादीतून पोस्टचे (शूटनंतरच्या एडिट-साउंडच्या कामाचे) ४०,००० वजा केले की २,२०,०००. त्यात हार्ड डिस्क १२,००० आणि आकस्मिक २२,०००, म्हणजे २,५४,०००. ८ टक्के रिवॉर्ड धरून २,७६,००० मागा. रफ कट (कच्चं संकलन) तयार झाला की त्यातली ४० सेकंदं दाखवून पोस्ट आणि फेस्टिव्हलसाठी दुसरा टप्पा. हातात दृश्य असलं की मागणं सोपं जातं.

तिसरी_घंटा

हिशेब मान्य, पण ‘क्यूआर फिरवा’ हे इतकं सोपं नाही. प्लॅटफॉर्मवर तारीख असते, किती जमले ते उघड दिसतं आणि ठरलेली रक्कम पुरी झाली नाही तर पैसे परत जाण्याची सोय काही ठिकाणी असते. क्यूआरमध्ये यातलं काहीच नाही, ते सगळं तुम्हाला स्वतः उभं करावं लागतं : सर्वांना वाचता येईल अशी गुगल शीट, रोज रात्री अद्ययावत केलेली, वर मोठ्या अक्षरात जमलेली रक्कम आणि उरलेले दिवस. किमान किती जमले तर शूट होणार आणि तेवढे न जमल्यास कोणत्या तारखेपर्यंत पैसे परत, हे पहिल्याच दिवशी लिहा.

मूळ प्रश्न मात्र माणसांचा आहे. सरासरी वर्गणी १,२०० धरली तर २,७६,००० ला २३० माणसं लागतात. अनोळखी लोक लिंक बघून पैसे देतील या भरवशावर राहू नका. अनोळखी माणूस येतो तो आकडा निम्म्याच्या पुढे गेल्यावर. जाहीर करण्याआधीच एक तृतीयांश रक्कम शब्दाने पक्की हवी आणि ती पहिल्या ४८ तासांत खात्यात यायला हवी. टीममधल्या ८ जणांनी प्रत्येकी १०० नावं नंबरासकट कागदावर काढा, एकाच माणसाचं नाव दोघांकडे असेल तर एकाकडून खोडा. नावानिशी फोन किंवा मेसेज गेला तर चौघांत एक देतो असं धरून चाला, २०० होतात. उरलेले ३० बाहेरून येतील. ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डला अंगठे आणि फुलं मिळतात, पैसे मिळत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. मेसेज गेला, पण कोणी उत्तरच देत नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

इथे कुणीतरी ‘मंथन’ सिनेमाचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. १९७६ साली गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि सिनेमा उभा राहिला हे खरं. पण ते शेतकरी दूध संघाचे सभासद होते आणि त्यांच्यापर्यंत पोचायची साखळी गावोगाव आधीपासून तयार होती. तुमच्यापाशी तशी साखळी कोणती? कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ, नाट्यसंस्था, त्या गावची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं? राजापूर म्हणजे मुंबईकर चाकरमानी आलेच. त्यांच्या मंडळाच्या सभेत दहा मिनिटं मिळवा, ती शंभर पोस्टींना भारी पडतील.

मोहीम ३० दिवसांची ठेवा. मधले दोन आठवडे मरगळ येते, त्या काळासाठी काहीतरी राखून ठेवा, उदाहरणार्थ कलाकारांची नावं किंवा लोकेशनचे फोटो. सुरुवात महिन्याच्या १ ते ५ तारखेत, पगार झालेला असताना. जूनमध्ये शाळेच्या फिया, गणपतीत चाकरमानी गावी आणि दिवाळीनंतर खिसे रिकामे, हे तिन्ही टाळा.

व्हिडिओ दीड-दोन मिनिटांच्या वर नको. पहिल्या २० सेकंदांत कोण, काय आणि किती रुपये हे तिन्ही आलं पाहिजे. लोक तो आवाज बंद करून बघतात, अक्षरं टाकाच.

पावती_फाडा

कर आणि कायद्याचं मी सांगतो. त्या ५०-५० हजारवाल्या दोघांना आजच नाही म्हणा. नफ्यात वाटा म्हटलं की ती वर्गणी राहत नाही, गुंतवणूक होते. जाहीर आवाहन करून लोकांकडून असं भांडवल गोळा करायला सेबीची मुभा नाही. खाजगी कंपनी काढून शेअर दिले तरी कंपनी कायद्याप्रमाणे एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त जणांना देऊ करता येत नाहीत, आणि तेही जाहिरात करून नाही. ‘मुद्दल परत, वर अमुक टक्के’ हे तर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांवरच्या बंदी कायद्याच्या तडाख्यात येऊ शकतं. शॉर्टफिल्मला नफा होतो कुठे, हा वेगळाच विषय. त्या दोघांना खरंच भागीदार करायचं असेल तर मोहिमेच्या बाहेर, लेखी करारावर.

कर : बदल्यात काही न देता पैसे घेतले तर ती भेट. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर भेटी आल्या तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, आणि त्यातून शूटचा खर्च वजा करता येत नाही. म्हणून ‘देणगी’ हा शब्दच वापरू नका. बदल्यात ठरलेलं काहीतरी द्या, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, काढा (गुमास्ता आणि उद्यम नोंदणी), करंट खातं उघडा आणि जमा झालेली रक्कम धंद्याची आवक म्हणून दाखवा. मग बिलं जोडून खर्च वजा होतो. एवढ्या रकमेला जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही, सेवेसाठी मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे. मात्र तुमचा दुसरा काही धंदा त्याच पॅनवर असेल तर त्याची उलाढालही यात मिळवावी लागते.

मोहीम मार्चमध्ये संपवू नका. पैसे ३१ मार्चच्या आत आले आणि शूट मेमध्ये झालं, तर आवक एका वर्षात आणि खर्च दुसऱ्या. न झालेल्या नफ्यावर कर भरायची पाळी येते.

‘८०जी (देणगीवरची करसवलत) मिळेल ना?’ असं दर दहावा माणूस विचारणार. नाही मिळत. ती सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. ओळखीच्या ट्रस्टमधून पैसे फिरवून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा; ट्रस्टच्या उद्दिष्टांत सिनेमा नसेल तर त्यांचीही नोंदणी अडचणीत येते.

अमेरिकावाले : पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत; त्यांच्या एनआरओ किंवा एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यातून घ्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, भले ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असो, तर एफसीआरएचा, म्हणजे परकीय योगदानावरच्या कायद्याचा, प्रश्न उभा राहतो. तिथे सीएला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

कोरी_पाटी

दोन टप्पे पटले, वाटेकऱ्यांना कळवतो. करंट खातं उघडेपर्यंत घरच्या बचत खात्याचा क्यूआर चालवला तर? आणि रिवॉर्डमध्ये पोस्टर, टी-शर्ट, ‘सहनिर्माता’ असं श्रेय आणि फिल्मची लिंक असा विचार आहे.

पावती_फाडा

नको. शंभर अनोळखी लोकांकडून बारीक रकमा आल्या आणि त्यातली एखादी पुढे सायबर तक्रारीत अडकलेली निघाली, तर बँक खातं गोठवू शकते. मग शूटचे पैसे तर अडकतातच, घराचा हप्ताही अडकतो. पंधरा दिवस थांबा.

बूमवाली

रिवॉर्डवर येते. टी-शर्ट बाद. पाच साइज, प्रत्येकात किमान नगांची ऑर्डर, चुकीच्या साइजची अदलाबदल आणि शेवटी एक्सएलचा गठ्ठा तुमच्या माळ्यावर. पोस्टरही जपून : ए३ छपाई स्वस्त आहे, पण ते घडी न पडता जायला पुठ्ठ्याची नळी आणि वर स्पीड पोस्ट, असा खर्च दीडशेच्या घरात जातो. ५०० रुपये देणाऱ्याला पोस्टर दिलंत तर त्याच्या वर्गणीतले तीनशे-साडेतीनशेच हातात राहतात. जाड कागदावर छापलेलं पोस्टकार्डच्या मापाचं चित्र, मागे दिग्दर्शकाच्या हातच्या दोन ओळी, साध्या लिफाफ्यातून. लोक तेच फ्रिजवर लावतात. पोस्टर २,५०० पासून पुढे.

‘सहनिर्माता’ विकू नका. फेस्टिव्हलच्या अर्जात निर्मात्याचं नाव लागतं, राष्ट्रीय पुरस्कार निर्मात्याच्याही नावे असतो, आणि पुढे फिल्म कुठे द्यायची तर ‘निर्माते’ सह्या करायला बोलवावे लागतील. ‘विशेष साहाय्य’ आणि ‘आभार’ पुरे.

लिंकचं वचन तारखेसकट देऊ नका. बरेच फेस्टिव्हल आधी ऑनलाइन उघड झालेली फिल्म घेत नाहीत. ‘फेस्टिव्हल फेरी संपल्यावर, पासवर्ड असलेली लिंक, शूटनंतर १८ महिन्यांच्या आत’ असं लिहा. गावात तिकीट लावून जाहीर खेळ करायचा बेत असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल, त्याचा खर्च दुसऱ्या टप्प्यात धरा.

श्रेयनामावलीकडे कुणी आधी बघत नाही. २३० नावं सरकत्या पट्टीवर वाचता येतील अशा वेगाने टाकलीत तर एक मिनिट सहज जातं. १४ मिनिटांची फिल्म १५ च्या पुढे गेली की जिथे १५ ची मर्यादा आहे तिथून बाद, कारण लांबी श्रेयांसकट मोजतात. स्थिर पाट्या करा : ४६ नावांच्या पाच पाट्या, प्रत्येकी ४ सेकंद, २० सेकंदांत काम होतं. नावं यूपीआयच्या नोंदीवरून उचलू नका, तिथे नावाआधी ‘SMT’सारखी बिरुदं नि अर्धवट आडनावं असतात. पैसे दिल्यावर लगेच एक गुगल फॉर्म : देवनागरीत नाव जसं हवं तसं, पत्ता, पिनकोड आणि १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा) नंबर. यूटीआर नसेल तर एकाच रकमेचे तीन ‘संदीप’ जुळवत बसाल. आणि पाट्या एडिट टेबलवर पाठवण्याआधी एक पाटी काढून बघा. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी टेक्स्ट इंजिनची वेगळी सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर ‘श्रीकृष्ण’ची ऱ्हस्व-दीर्घासकट वाट लागते. तसंच झालं तर पाट्या चित्र म्हणून बाहेरून करून आणा.

तिसरी_घंटा

बूमवालीताईंना +१. एक राहिलंच, शेळी! जनावर कॅमेऱ्यासमोर आणायचं तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्यावी लागते, त्यासाठी पशुवैद्याचा दाखलाही जोडावा लागतो. शूट झाल्यावर अर्ज केला तर पंचाईत होते, कारण सेन्सॉरला गेलात की जनावराचं दृश्य बघून तेच पत्र मागतात. शूटची तारीख परवानगीच्या हिशेबाने लावा आणि मोहिमेच्या पानावर ‘शूट अमुक महिन्यात’ हे त्यानंतरच लिहा.

कोरी_पाटी

शेळीचा एकच शॉट आहे, गोठ्यातून आवाज येतो तो. मग जनावर दाखवतच नाही, आवाजावर भागवतो.

बूमवाली

मग साउंडचे ३०,००० कमी करू नका कुठेही. आणि तो आवाज लोकेशनवर, शूटच्या आदल्या संध्याकाळी, जनरेटर बंद असताना घेऊन ठेवा.