सर्वेचं काम करते, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर डिग्री) करावं का? (सोलापूर)

जोडभावीची_पोर
नमस्कार, जरा लांबेल, सांभाळून घ्या. बीएस्सी मायक्रो होऊन दोन वर्षं झाली, लॅबमध्ये नोकरी बघितली पण पगार येण्याजाण्यातच संपायचा, मग एका संस्थेच्या आरोग्य सर्वेला लागले. पूर्व भागात घरोघरी जायचं आणि टॅबवर फॉर्म भरायचा. मम्मी विड्या वळते, पप्पा लूमवर होते, आता त्यांना कमी ऐकू येतंय, त्यामुळं ह्या गल्ल्या नवीन नाहीत आणि तेलुगू तर घरचीच.

आता गंमत ऐका. फॉर्मवर प्रश्न, तंबाखूचं सेवन करता का? बाई म्हणते नाही. मी नाहीवर टिक. आणि बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मोरीपाशी मिश्रीची डबी! सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाले फॉर्म वरनं आलाय, तू भर. तेव्हापासनं डोक्यात बसलंय की हे प्रश्न ठरवतं कोण आणि तिथं जायला काय शिकावं लागतं. एकानं एमपीएच सांगितलं. घरचे म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो. सोलापुरात राहून ह्यात नोकरी आहे का?

कडक_भाकरी
मी मोहोळ साइडला उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या पोस्टला बीएएमएस नाहीतर बीएस्सी नर्सिंग लागतं आणि वर सहा महिन्यांचा कोर्स, म्हणजे तुझ्या मायक्रोवर हे दार बंद. खरं सांगू का, एमपीएच केलं म्हणून झेडपीत कुणी खुर्ची मांडून वाट बघत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे की प्रत्येक राज्यात पब्लिक हेल्थचं वेगळं केडर, म्हणजे त्याच कामाच्या लोकांचा वेगळा वर्ग करा, पण कागद तो कागद. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, बरंचसं कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची, दरवर्षी जीव टांगणीला. घरी कर्ज काढून करणार असशील तर दहादा विचार कर.

शेंगाचटणी_मुंबईत
भाकरी भाऊ बरोबर बोलतायत पण अर्धंच. मी टिसमधनं (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमपीएच केलं, मूळ अशोक चौकातला. नोकऱ्या बहुतेक मुंबई पुणे दिल्लीच्या संस्थांत, रिसर्च प्रोजेक्टवर, हे आधीच मान्य करून ये. पण तुझा जो प्रश्न आहे ना, तोच तिथं दोन वर्षं शिकवतात ओ. कुणाला निवडायचं, किती जणांना विचारायचं, टक्का काढताना भागायचं कशानं, एथिक्स कमिटी कशाला, आणि खरा सर्वे सुरू करायच्या आधी चाळीस पन्नास घरात फॉर्म फिरवून का बघायचा. तुमच्या लोकांनी हे शेवटचं केलेलं दिसत नाही.

मिश्रीचं म्हणशील तर देशाचा जो तंबाखू सर्वे आहे, गॅट्स, 2009-10 आणि 2016-17 ला झाला, त्यात बिनधुराच्या तंबाखूचं वेगळं विचारतात आणि मिश्री, गुल, गुडाखू अशी नावं घेऊन विचारतात. म्हणजे तुला जे खटकलं ते इतरांनाही खटकलेलं आहे. आणि सुपातल्या तंबाखूचं, विडी वळणाऱ्या बायकांच्या लघवीत कोटिनिन सापडलंय, ते निकोटिनपासनंच शरीरात तयार होतं, म्हणजे न ओढता निकोटिन अंगात जातंय, कातडीतनं आणि धुळीतनं. ह्याला सेवन म्हणायचं का काय म्हणायचं? फॉर्ममध्ये कामाचा कॉलमच वेगळा पाहिजे, दिवसाला किती हजार वळता, घरात कुठं बसून वळता, पोरं तिथंच झोपतात का.

एमपीएचला बीएस्सीवाल्यांना काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी फक्त डॉक्टर नर्सेसना, तेव्हा माहितीपत्रक नीट वाच, एजंटचं ऐकू नको.

आक्का_करमाळा
बाळा मी गटप्रवर्तक होते, म्हणजे आशांवर देखरेख करणारी, त्याआधी आशा. 2005 ला एनआरएचएम, म्हणजे ग्रामीण आरोग्य अभियान आलं त्याच्यानंतर आमची भरती, हजार लोकांमागं एक आशा. ट्रेनिंगला सगळं पाठ करून घेतलं पण खरं शिकले ते दारात उभं राहून, सासू समोर असली की सून खरं बोलत नाही हे कुठल्या पुस्तकात हाय? पैसे भरायच्या आधी एकदा जामखेडला जाऊन ये, आमच्या करमाळ्याच्या पलीकडंच हाय. आरोळे डॉक्टर नवराबायकोनं 1970 ला तिथं काम चालू केलं आणि गावातल्या न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिकवून उभं केलं, लांबनं लोक बघायला येतात. डिग्री वाईट नाही, पण तुझ्याजवळ तेलुगू हाय, गल्ली हाय, ती फुकट नको जाऊ देऊ. आणि पुढच्या वेळी फॉर्म आला की आधी आईला विचारून बघ.

जोडभावीची_पोर
आक्का, रात्रीच विचारलं. मम्मी, तंबाखूचं सेवन करतीस का? मम्मी म्हणाली, सेवन म्हणजे काय गं? मग मिश्री लावतीस का विचारलं तर म्हणाली, ती तंबाखू थोडीच, ती दातासाठी. रोज दोनदा लावते, मी लहानपणापासनं बघते आणि मलाही इतके दिवस हे दिसलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून जामखेडला जाते. शेंगाचटणी दादा, फी आणि हॉस्टेलचं इनबॉक्समध्ये विचारलंय, बघा की ओ.