११ वर्षं नर्सिंग केल्यावर मेडिकल कोडिंगला जावं का? दोन्ही बाजूंनी खरं सांगा

भांडुपची सिस्टर

नमस्कार मंडळी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, दादरच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात ११ वर्षं झाली, त्यातली ७ आयसीयूत. वय ३५, मुलगी दुसरीत. महिन्याला आठ-दहा नाईट असतात आणि पेशंट उचलून उचलून माझी कंबर गेलीये, मणक्याची एल४-एल५ची गादी सरकली आहे, ऑर्थोच्या डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून लिहून दिलंय आणि आयसीयूत वजन न उचलता ड्युटी होतच नाही.

माझ्या बॅचची एक मैत्रीण चार वर्षांपूर्वी मेडिकल कोडिंगला गेली, ऐरोलीत असते. अमेरिकेतल्या पेशंटचा चार्ट वाचायचा, आजाराला आयसीडी-१०चा कोड द्यायचा, ऑपरेशन-तपासणीला सीपीटीचा, आणि त्या कोडांवर तिकडचा इन्शुरन्स हॉस्पिटलला पैसे देतो. डे शिफ्ट, शनिवार-रविवार सुट्टी. भांडुपवरून मुलुंडचा पूल ओलांडला की ऐरोली, दादरपेक्षा जवळच पडेल.

आणि मला फाईल वाचायला मनापासून आवडतं हो. नाईटला वॉर्ड शांत झाला की मी पेशंटची फाईल पहिल्या पानापासून वाचते. एकदा जुन्या डिस्चार्ज कार्डवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली मला सापडली, नव्या ॲडमिशन शीटवर ती आलीच नव्हती आणि सकाळचा डोस लागणार होता. तेव्हापासून कागदाचं महत्त्व मला कोणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

आता हातात ३४ हजार येतात. तिकडे नवीन म्हणून २०-२२ मिळतील असं मैत्रीण म्हणते, वर क्लासची फी. नवरा म्हणतो सोड, आई म्हणते पेशंटच्या उशाशी बसणारी पोरगी मशीनपुढे बसणार का. जे या कामात आहेत किंवा होते त्यांनी सांगा.

कोडबुक ऐरोली

सिस्टर, या. मी ९ वर्षं यात आहे, आधी बीएस्सी झूलॉजी करून मेडिकलच्या दुकानात होतो. आमच्या टीममध्ये जे कोडर अडलेले चार्ट सोडवतात ते बहुतेक नर्सिंग नाहीतर फिजिओवाले आहेत, कारण बाकीच्यांना शब्द शिकवावे लागतात, यांना पेशंट डोळ्यांसमोर दिसतो.

काम नुसतं कोड शोधायचं नसतं, तसं असतं तर कोणीही केलं असतं. आधीच्या आयसीडी-९मध्ये साधारण १४ हजार कोड होते, अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ला आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आयसीडी-१०ची त्यांची आवृत्ती, घेतलं आणि ते ७० हजारांच्या आसपास गेले. उजव्या गुडघ्याची झीज एम१७.११, डावा असेल तर एम१७.१२, दोन्ही असतील तर एम१७.०. डॉक्टरने बाजूच लिहिली नाही तर पुढचं सगळं अडतं. किंवा डायबेटिस घ्या, कॉम्प्लिकेशन नसेल तर ई११.९, पण त्याच चार्टमध्ये किडनीचा जुना आजारही असेल तर गाईडलाईन म्हणते की डॉक्टरने संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं नसेल तर दोन्ही जोडलेले धरा, मग ई११.२२ लागतो आणि किडनी कुठल्या स्टेजला आहे त्याचा एन१८चा कोड वेगळा. ही जोडणी नजरेतून सुटली तर पेशंट जेवढा आजारी होता तेवढा कागदावर दिसत नाही.

तुम्हाला सगळ्यात जड काय जाणार ते आत्ताच सांगून ठेवतो. रिपोर्टमध्ये सोडियम १२१ आहे, सलाईन चालू आहे, तुम्हाला लगेच कळणार काय झालंय ते. पण डॉक्टरने हायपोनेट्रेमिया (रक्तात सोडियम कमी) हा शब्द लिहिला नसेल तर तुम्ही ई८७.१ द्यायचा नाही. आकड्यावरून निदान करायचं नाही, डॉक्टरला क्वेरी पाठवायची. तसंच ओपीडीच्या चार्टला "न्यूमोनिया असावा" असं असेल तर न्यूमोनिया कोड करायचा नाही, खोकला-ताप जे आहे तेच करायचं, आणि तेच वाक्य ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला असेल तर मात्र न्यूमोनिया झाला असं धरून कोड करायचा. नवीन सिस्टर लोक पहिले सहा महिने यावरूनच भांडतात, मी पाहिलंय.

पगार पहिल्या वर्षी कमी असणार हे मान्य करूनच या. मला २०१६ला १४ हजारांवर घेतलं होतं, सर्टिफिकेट झाल्यावर आणि इनपेशंटला, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या चार्टवर, गेल्यावर हलला.

फूटपेडल

ताई, मी विरोधात लिहितोय आणि तळमळीने लिहितोय.

२००१मध्ये मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकलो. तेव्हा अंधेरीपासून ठाण्यापर्यंत गल्लोगल्ली त्याचे क्लास होते. अमेरिकेतला डॉक्टर फोनवर बोलून ठेवायचा, आम्ही कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, ऐकून टाईप करायचो, ओळींवर पैसे. तेव्हाही हेच सांगायचे, की इंग्रजी उच्चार, औषधांची नावं, माणसाशिवाय जमणारच नाही. मी दहा वर्षं केलं, घर त्यावर घेतलं. मग स्पीच रेकग्निशन आलं. आधी म्हणाले मशीन लिहील आणि तुम्ही तपासाल, आणि तपासायचा रेट निम्मा. मग तपासायला पण कमी लोक लागायला लागले. ४०व्या वर्षी मी दुसरं काम शोधत फिरलो, माझ्याकडे दहा वर्षांचा अनुभव होता आणि तो कोणाला नको होता.

कोडिंग त्याच वाटेने चाललंय. एक्स-रेचे, साध्या ओपीडीचे चार्ट मशीन आत्ताच कोड करतंय, माणूस वरून नजर टाकतो. तुमच्या हातात नर्सिंगचं रजिस्ट्रेशन आहे, या शहरात सिस्टर कधी बेकार बसलेली मी पाहिली नाही. कंबर गेली असेल तर नर्सिंगमध्येच कमी उचलायची जागा शोधा, पण असं काम घेऊ नका जे दुसऱ्या देशाच्या नियमावर आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे.

कोडबुक ऐरोली

तुमचं झालं ते वाईट झालं, खरंच. पण ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवणं, कोडिंग म्हणजे वाचून ठरवणं. एक्स-रेचे चार्ट मशीन खातंय हे मी नाकारत नाही, आमच्याकडेच त्या टीममधली माणसं दुसरीकडे हलवली. पण २०-२२ दिवस ॲडमिट असलेल्या पेशंटचा ४०० पानांचा चार्ट, त्यात तीन डॉक्टर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहितात, तिथे शेवटी कोणीतरी जबाबदारी घेऊन कोड द्यावा लागतो, आणि चुकीचा कोड गेला तर तिकडे तो खोटा क्लेम ठरू शकतो. आमच्यावर ९५ टक्के ॲक्युरसीचं ऑडिट असतं ते त्यासाठीच.

फूटपेडल

जबाबदारी एकाने घ्यायला एकच माणूस लागतो, दहा लागत नाहीत. माझा मुद्दा तोच आहे.

नाईट ड्युटी परळ

मी पण स्टाफ नर्स, १६ वर्षं. फूटपेडल दादांशी सहमत पण माझं कारण वेगळं आहे. तुम्ही जी पेनिसिलिनची गोष्ट सांगितली ना ती तुम्ही बेडच्या शेजारी होतात म्हणून कामाला आली. कोडरकडे चार्ट येतो तेव्हा पेशंट घरी गेलेला असतो, नाहीतर गेलेलाच असतो. तिथे ॲलर्जी सापडून कोणाचा डोस थांबणार नाहीये. मी एकदा सहा महिने क्लेमच्या डेस्कवर बसले होते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, आणि मला संध्याकाळी घरी जाताना आज काय केलं ते आठवायचं नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, डायलिसिस, ओपीडी, नर्सिंग स्कूलला ट्यूटर, यातलं काही विचारून पाहिलंत का? मेट्रनना कंबरेचे कागद दाखवलेत का?

मुलुंड पूर्व

क्लासबद्दल सावध राहा एवढंच सांगायला आले. माझ्या भावाने एका क्लासला ४५ हजार भरले, "१०० टक्के प्लेसमेंट" असं लिहून दिलं होतं, तीन महिन्यांनी बिलिंगच्या कॉल सेंटरची नाईट शिफ्ट दाखवली आणि हेच प्लेसमेंट म्हणाले. अमेरिकेच्या इन्शुरन्सला फोन करून पैसे का अडकले विचारायचं काम वेगळं, ते त्यांच्या दिवसात म्हणजे आपल्या रात्री चालतं. कोडिंग वेगळं. जाहिरातीत दोन्ही एकत्र घालतात. शिवाय त्यांनी मागच्या वर्षीची पुस्तकं दिली होती, आणि आयसीडीचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, सीपीटीचे १ जानेवारीला.

कोडबुक ऐरोली

हे अगदी बरोबर. क्लासपेक्षा परीक्षेकडे बघा. एएपीसी या अमेरिकेतल्या कोडर लोकांच्या संस्थेची सीपीसी परीक्षा, १०० प्रश्न, ४ तास, पुस्तकं उघडी ठेवून द्यायची, ७० टक्के लागतात. पुस्तक उघडं असतं म्हणून सोपी समजू नका, पानं चाळत बसलात तर वेळ पुरत नाही. पास झाल्यावर अनुभव नसेल तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, ते "ए" अनुभव दाखवल्यावर निघतं.

एमआरडी १८ वर्षं

इथे सगळे अमेरिकेबद्दलच बोलतायत म्हणून लिहितो. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटला आहे. आमच्या खात्याला लोक तळघरातलं गोडाऊन समजत आले, पण कोर्टाची केस आली, इन्शुरन्सचं भांडण झालं, की सगळे खालीच येतात. २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात ॲडमिट पेशंटचे कागद ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असं आहे, ते करणारे आम्ही. २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं, पेशंटच्या डिजिटल रेकॉर्डसाठी १४ आकडी आभा नंबर आला, आणि आता कागद आणि स्क्रीन दोन्ही जुळवायला क्लिनिकल समज असलेली माणसं मिळत नाहीत. २०२४पासून डिस्चार्जच्या वेळी कॅशलेसची शेवटची मंजुरी इन्शुरन्सने ३ तासांत द्यायची असा नियम आहे, पण आपल्याकडून डिस्चार्ज समरी अर्धवट गेली की घरचे लोक बिलिंगच्या काऊंटरसमोर ताटकळत बसतात.

आणि एक काम कोणी सांगतच नाही, कॅन्सर रजिस्ट्री. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ला मुंबईतच सुरू केली, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली. हॉस्पिटलांत जाऊन फाईली, बायोप्सी रिपोर्ट, मृत्यूच्या नोंदी वाचायच्या आणि एकच पेशंट दोन ठिकाणी दोनदा मोजला जात नाही ना ते बघायचं. स्तनाचा कॅन्सर एवढं लिहून चालत नाही, वरच्या बाहेरच्या भागात असेल तर सी५०.४, आणि गाठीच्या प्रकाराचा कोड ८५००/३, त्यातला शेवटचा ३ म्हणजे पसरणारा, २ असेल तर अजून जागच्या जागी. तो एक आकडा चुकला तर शहराची मोजणी चुकते. परळच्या ताई म्हणतात डोस थांबणार नाही, बरोबर आहे, पण मुंबईत कुठला कॅन्सर वाढतोय हे सांगणारी दुसरी जागा नाही. जागा मात्र थोड्या असतात आणि पगार फार नाही, हे लपवत नाही.

नाईट ड्युटी परळ

रजिस्ट्रीचं काम मोठं आहे याबद्दल वाद नाही. पण सिस्टरचा प्रश्न घर चालवायचा आहे, ३४वरून २०वर यायचं म्हणजे महिन्याला १४ हजारांचा खड्डा. तो कोण भरणार?

भांडुपची सिस्टर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नाईटला बसूनच वाचलं.

मेट्रनना मी कागद दाखवले होते. ओपीडीला दोन महिने दिलं आणि स्टाफ कमी पडला तशी परत वर बोलावलं. इन्फेक्शन कंट्रोलची जागा आमच्याकडे एकच आहे आणि तिथल्या सिस्टर रिटायर व्हायला नऊ वर्षं आहेत. म्हणजे नर्सिंगमध्येच जागा शोधा हे मी करून झालंय, फक्त याच हॉस्पिटलात केलंय हे खरं. बाहेर विचारलेलं नाही.

फूटपेडल दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. मी रजिस्ट्रेशन सोडणार नाही, रिन्यूअल करत राहणार, ते तुमच्यामुळे पक्कं झालं. पण मला सोडियमची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ११ वर्षं मी डॉक्टरांना हेच सांगत आले, सर हे लिहा, सर हे राहिलं. कोणाला तरी ते विचारायचा पगार मिळतो हे मला माहीतच नव्हतं.

कोडबुक ऐरोली

त्या कामाचं नाव सीडीआय, क्लिनिकल डॉक्युमेंटेशन इंटिग्रिटी. अमेरिकेत तिथे नर्सलाच पहिली पसंती असते, आपल्याकडच्या कंपन्यांतही जागा निघतात, पण बहुतेक ठिकाणी आधी इनपेशंट कोडिंगचा अनुभव मागतात. म्हणजे रस्ता २० हजारांवरूनच जातो.

फूटपेडल

आणि त्या रस्त्याला तीन-चार वर्षं लागणार. तोपर्यंत मशीन कुठे असेल ते यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी माझं मत बदललेलं नाही ताई. फी भरण्याआधी नोकरी सोडू नका एवढं तरी ऐका.

भांडुपची सिस्टर

नोकरी सोडत नाही. मैत्रिणीकडून या वर्षीचं आयसीडीचं पुस्तक महिनाभरासाठी आणलंय, रोज ड्युटीवरून आल्यावर एक चॅप्टर, किडनीपासून सुरू केलं. एमआरडीवाले दादा, तुमच्या खात्यात सुट्टीच्या दिवशी येऊन दोन दिवस काम कसं चालतं ते बसून बघता येईल का? पेशंटचे कागद आहेत म्हणजे परवानगी लागेल हे कळतं, अर्ज कोणाच्या नावे करायचा ते सांगा. पुढच्या आठवड्यात बुधवार-गुरुवार माझा ऑफ आहे.