मदत हवी आहे : घरचाच विषय घेतला आणि तोंडघशी पडले

डोलकाठी :

नमस्कार मंडळी. मी मालवणची, समाजशास्त्रात एम.ए. करतेय. चौथ्या सत्रात ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे, मे महिन्यात द्यायचाय. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर होता, त्यात मार्क बरे पडले होते. गृहीतकाची व्याख्या अजूनही झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. ते गृहीतक आणायचं कुठून, हे मात्र त्या पेपरात नव्हतं.

विषय घेतला 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मासेविक्रेत्या स्त्रियांची सामाजिक व आर्थिक स्थिती'. आई स्वतः बाजारात पाटी घेऊन बसते, म्हटलं अर्धं काम घरातच झालंय. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली छापून बाजार गाठला. तिसऱ्याच मावशीने मान वर न करता सुनावलं, "गो बाये, तुका सगळा म्हायत आसा, मगे माका कित्याक इचारतंस?" त्यानंतर बहुतेक खुणा मीच करत गेले. ३२ फॉर्म झाले. मासिक उत्पन्नाच्या रकान्यात २७ जणी '५ ते १० हजार'! "तुका बरा वाटता ता लिव" म्हणाल्या, मी लिहिलं.

सरांनी पहिलं प्रकरण परत केलंय. समासात तीन ठिकाणी एकच शेरा: 'प्रश्न काय?' त्यात साहित्याच्या आढाव्यात, म्हणजे आधी कोणी काय लिहिलंय ते सांगतात त्या भागात, सॉफ्टवेअरच्या तपासणीत इतरांच्या मजकुराशी ३४ टक्के साम्य निघालं. एका सीनियरने सांगितलं, शब्द फिरव, 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'मोलाचे' कर. एक परिच्छेद तसा केला आणि वाचून माझं मलाच हसू आलं.

सरांना नक्की काय हवंय? ते ३२ फॉर्म फेकून द्यायचे का? आणि आढावा स्वतःच्या शब्दांत लिही म्हणतात, पण या विषयावर माझ्याकडे स्वतःचे शब्दच नाहीत अजून. परत जाऊन विचारायचा धीर होत नाही.

शेवंड :

फॉर्म फेकू नका, पण त्यातून टक्केवारीही काढू नका. खुणा तुमच्या आहेत, त्या बायकांच्या नाहीत. पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा की आधी प्रश्नावली करून पाहिली, ती या कारणाने चालली नाही, म्हणून मुलाखतींकडे वळले. अशा आधीच्या चाचणीला पायलट म्हणतात, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. २७ एकसारख्या खुणा खरी माहिती म्हणून सजवून दिल्या असत्या तर लाज होती.

आता 'प्रश्न काय?' तुमचं शीर्षक म्हणजे अख्खा जिल्हा झाला. ज्याचं उत्तर तुम्हाला आज ठाऊक नाही, आणि जे दोन्हीकडे झुकू शकतं, तो प्रश्न. उदाहरणार्थ, लिलावात माल उचलायला सकाळी पैसे येतात कुठून? उधारी कोण देतं, आणि माल पडून राहिला तर खोट कोणाची? किंवा १ जून ते ३१ जुलै, पावसाळी मासेमारीबंदीत यांत्रिक बोटी बंद असतात त्या ६१ दिवसांत पाटीत काय असतं? (हा प्रश्न तुम्हाला मेपर्यंत फक्त आठवणींवर करावा लागेल, म्हणून नकोच.)

उत्पन्न विचारायचं तर 'महिन्याला किती' विचारू नका. रोज मिळवून रोज खर्च होतो त्या माणसाकडे महिन्याचा आकडा नसतोच. 'काल' विचारा. काल कितीचा माल घेतला, बर्फ किती, रिक्षा किती, शेवटी काय उरलं. कालचं सगळ्यांना आठवतं.

डोलकाठी :

कालचं विचारायला गेले तर नवीनच भानगड! माल पाटीच्या हिशेबाने येतो आणि विकला जातो वाट्याने. किलो मधे कुठेच नाही. तक्त्यात लिहू काय? शंभरचा वाटा शंभरचाच, पण त्यात बांगडे कधी सहा असतात, कधी अकरा.

शेवंड :

अहो, हाच की तुमचा प्रश्न! भाव बदलत नाही, वाटा बदलतो. किती बांगडे घालायचे हे कोण, केव्हा, कशावरून ठरवतं? सगळी पोरं 'आर्थिक स्थिती' लिहितात, हे कोणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. किलोत बसवायच्या नादाला लागू नका. चार दिवस वही घेऊन बसा, वेळ आणि वाट्यातले नग लिहा.

खडू_फळा :

जन्म शिकवण्यात गेला, म्हणून साम्याबद्दल तेवढं बोलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायला लावतात. म्हणजे तू बुडालेली नाहीस. अवतरणचिन्हात, श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात धरायची नसते, तेव्हा आधी साम्याचा अहवाल उघडून कुठली वाक्यं रंगली आहेत ते बघ.

शब्द फिरवणं ही चोरीच, फक्त मेहनतीची. त्यापेक्षा लेख वाच, मिटून ठेव, आणि आईला सांगतोस तसं... सांगतेस तसं चार ओळीत लिही: याने काय विचारलं, कोणाला विचारलं, काय सापडलं, आणि आपल्या बाजाराला ते लागू पडतं का. चौथी ओळ कुठूनच नक्कल करता येत नाही. 'अमुक म्हणतो, तमुक म्हणतो' अशी माळ ओवू नकोस.

शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, पण त्यांच्या आढाव्यातून आढावा उचलू नकोस, मूळ लेख गाठ. आकड्यांसाठी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० आणि २०१६च्या मच्छीमार गणना बघ.

कातळफूल :

खडूकाकांना +१. संदर्भ नीट लावून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर घाला, फुकट आहे. संदर्भ द्यायची एपीए शैली वापरत असाल तर मावश्यांच्या मुलाखती संदर्भसूचीत जात नाहीत. ती तुमची सामग्री, मजकुरातच टोपणनावाने उद्धृत करायची. पण मालवणात नुसत्या टोपणनावाने काय होणार? 'कोपऱ्यात बसणारी, नवरा मुंबईला' म्हटलं की अख्ख्या बाजाराला कळतं. असे तपशील गाळा. उधारीचं बोलणं असेल तर दुप्पट काळजी. आणि आई आपली आहे हे लपवू नका, त्यामुळे काय सोपं गेलं आणि कोण मोकळेपणाने बोललं नाही, तेही लिहा.

डोलकाठी :

सगळ्यांचे आभार. चार सकाळी बसले. नऊच्या सुमाराला वाट्यात सात, साडेअकराला दहा, हे अपेक्षितच होतं. पण एकाच वेळी शेजारीशेजारी दोन गिऱ्हाइकांना सात आणि नऊ गेले. घरी येऊन आईला विचारलं, कसं ठरवतेस? म्हणाली, "गिरायक बघून." काय बघून, तर त्यावर नुसती हसली. एवढी वर्षं तिच्या शेजारी बसलेय, पण मला हे माहीत नव्हतं.

सरांना एका ओळीत प्रश्न लिहून पाठवला. उत्तर आलं: 'गुरुवारी ये. वही घेऊन ये.'