'फ्रंट पॅनेल लॉक'ला मराठीत काय म्हणाल?

खुंटी: एका सभागृहासाठी अॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. यंत्रं नेटवर्कवर जोडलेली. ऑपरेटर वरच्या खोलीतून लॅपटॉपवर 'फ्रंट पॅनेल लॉक' करतो. मग रॅकपाशी कोणी बटणं दाबो, नॉब फिरवो, काही होत नाही. आवाज मात्र चालू. मी लिहिलं, 'पुढील पॅनेल कुलूपबंद आहे.' तिथल्या शिपाईकाकांनी वाचून विचारलं, "ताई, याच्या पुढचं ना? मग हे उघडं आहे का? आणि किल्ली कोणाकडे?"

आडवा_तिडवा: आधी 'पुढील' काढा. 'पुढील थांबा' ऐकून कान तयार झालेत. 'दर्शनी' लिहा.

खुंटी: दर्शनी पटलं. कुलपाचं काय?

शुद्धमती: कुलूप तरी कुठे आपलं? अरबी 'कुफ्ल'ची अक्षरं उलटीपालटी झाली. 'टाळेबंद' करा.

गिरणगावकर: ते नको हो. वडील गिरणीत होते. आमच्या घरात टाळेबंदी म्हणजे फाटक बंद आणि पगारही बंद. 2020 नंतर तर घराघरात तोच शब्द. इथे यंत्र कामावर आहे!

साउंडवाला: आम्ही 'पॅनेल लॉक केलंय' म्हणतो, सगळ्यांना कळतं. एका गॅदरिंगला मी चहाला गेलो तेवढ्यात निवेदकांनी अँपचा नॉब पिळला, पहिल्या रांगेतले पालक कानावर हात ठेवून उभे! तेव्हा नॉबवर चिकटपट्टी लावायचो, नखाने निघायची.
एक सांगतो, दान्ते म्हणजे नेटवर्कच्या तारेतून आवाज पाठवायची पद्धत, तिचं 'डिव्हाइस लॉक' वेगळं. ते चार आकडी पिनने लागतं. आहे त्या जोडणीवर आवाज चालतो, पण नेटवर्कवरून कोणाला जोडणी बदलता येत नाही. एक समोरचं बोट अडवतं, दुसरं तारेतून येणाऱ्याला. दोन्हीला कुलूप म्हणालात तर मेलो आम्ही.

खुंटी: हे कामाचं. मग पहिल्याला 'बटणं मुकी केली'?

साउंडवाला: अहो नको! मुकं म्हणजे म्यूट. आवाज गेला म्हणून फोन येतील.

आजोळची_आठवण: आजोळच्या वाड्याला आगळ होती. आतला घालणार, बाहेरचा ढकलत बसणार. किल्लीचा प्रश्नच नाही. 'बटणांना आगळ घातली आहे' म्हणा.

शुद्धमती: वा! थेट संस्कृत अर्गला.

आडवा_तिडवा: शिपाईकाका विचारतील, यात आगळंवेगळं काय?

आजोळची_आठवण: मग अडसर.

गिरणगावकर: तो आता फक्त विकासकामांत येतो.

शुद्धमती: अर्थ घसरला म्हणून शब्द टाकायचा? अशाने पोर्तुगीज चावी आली आणि किल्ली कोपऱ्यात गेली.

आडवा_तिडवा: चावीला नावं ठेवू नका. आमच्या कोल्हापुरात नळाला चावी म्हणतात.

गिरणगावकर: म्हणजे पाणी आलं की 'चावी आली'?

आडवा_तिडवा: मग काय! भल्या पहाटे येते, घागरी घेऊन पळायचं.

खुंटी: मंडळी, पुस्तिका उद्या छपाईला. लिहिलंय: 'दर्शनी बटणं सध्या चालणार नाहीत. आवाज चालू राहील. बदल हवा असल्यास वरच्या खोलीत सांगा.' नाम गाळलं, क्रियापदावर भागवलं.

साउंडवाला: 'चालणार नाहीत' वाचून कोणीतरी दुरुस्तीवाल्याला बोलावणार बघा.

आजोळची_आठवण: पण नळाला चावी, तर कुलपाच्या चावीला काय म्हणता?