'अंगावर काढणे' की 'अंगवळणी पडणे'?

कोयरी : नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघातावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. यानाला वर रेटणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या, गळती रोखणाऱ्या रबरी ओ-रिंगा आधीच्या उड्डाणांतही होरपळलेल्या सापडत होत्या, अगदी १९८१पासून. तरी उड्डाणं चालूच. दोष दिसत असून चालवून घेण्याच्या या प्रकाराला जी परिभाषा आहे, तिचं मराठी 'विचलनाचे सामान्यीकरण' होतं. वाचूनच जीभ अडखळते. मी लिहिलंय, 'नासाने हे दुखणं अंगावर काढलं.' चालेल?

उंबरठा : मजा आहे, पण ताप अंगावर काढणाऱ्याला ताप आहे हे ठाऊक असतं. तो फक्त डॉक्टरकडे जात नाही. इथे पुढेपुढे ते दुखणंच वाटेनासं झालं. त्याला 'अंगवळणी पडणं' आहे की! नासाच्या कोलंबिया यानाचं तेच. इंधनटाकीवरचा फोम किती उड्डाणांत निघाला होता, ती देखभालीची बाब समजायचे. १६ जानेवारी २००३ला तसाच तुकडा डाव्या पंखावर आदळला आणि १ फेब्रुवारीला परतताना कल्पना चावलासह सातही जण गेले.

जुनी वही : शिवाय अंगावर काढायला अंग आपलं लागतं. २७ जानेवारी १९८६च्या रात्री 'एवढ्या थंडीत नको' म्हणणारे इंजिनियर आणि 'उडवा' म्हणणारे साहेब, यानात कुणीच बसणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ७३व्या सेकंदाला गेले ते सात जण वेगळेच.

कोयरी : हं, हे सुचलं नव्हतं. (विषयांतर : मला बारा वर्षं संधिवात आहे. भेटेल तो सांगतो, 'अंगावर काढू नकोस.' अहो, जे बरं होणारच नाही ते अंगावर कसलं काढणार? ते सांभाळायचं. गोळ्या, पथ्य, सकाळी बोटं आखडली की कोमट पाणी. अंगवळणी मात्र पडतं, आणि घोळ तिथेच. 'नेहमीचीच सूज' म्हणत मी एकदा तपासणी दोन महिने टाळली, ते चांगलंच अंगाशी आलं.)

जुनी वही : मग 'आखडणं' अनुवादातही घ्या. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी चॅलेंजरच्या चौकशी आयोगाच्या बैठकीत ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होईना. थंडीने सांधा आखडतो, तसंच. स्वतः फाइनमन तेव्हा कर्करोग सांभाळत होते. पहिली मोठी शस्त्रक्रिया १९७८ची, गेले १९८८ला. आयोगाच्या अहवालातल्या त्यांच्या परिशिष्टात आहे, यान गमावण्याची शक्यता साहेबांच्या हिशेबी लाखात एक, इंजिनियरांच्या हिशेबी शंभरात एक.

कोयरी : असं केलं तर? 'नासाचं हे जुनं दुखणं. ते अंगवळणी पडलं आणि सात जणांच्या अंगाशी आलं.'

उंबरठा : पहिलं झकास. पण अंगाशी येतं ते करणाऱ्याच्या, तुमच्या गुडघ्यासारखं. त्या सातांच्या 'जिवावर बेतलं' लिहा.

कोयरी : गुडघा नव्हे, मनगट. बाकी मान्य.